ॲपच्या पोटातली परकी लायब्ररी: अपडेट करायची कुणी?

१ नोव्हेंबर २०२५ पासून गुगल प्लेने एक नियम लागू केला. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीला टार्गेट करणारं नवं ॲप किंवा जुन्या ॲपचं अपडेट टाकायचं असेल, तर ते १६ केबी मेमरी पेजवर चालायला हवं. त्याच्या दोन महिने आधी, ३१ ऑगस्ट २०२५ पासून, फोनवरच्या नव्या ॲप आणि अपडेटसाठी अँड्रॉइड १५ टार्गेट करणं सक्तीचं झालं होतं. दोन्ही नियम एकत्र वाचले की लक्षात येतं, अपडेट द्यायचंच असेल तर यातून फारशी सुटका नाही.

मेमरी पेज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम ज्या मापाने मेमरी वाटते ते माप. अँड्रॉइडवर ते आजवर ४ केबी होतं. माप मोठं केलं की वाटपाचा हिशोब कमी होतो. गुगलच्या मोजणीनुसार मेमरीवर ताण असताना ॲप सुरू व्हायला सरासरी ३.१६ टक्के कमी वेळ लागतो.

फक्त कोटलिन किंवा जावात लिहिलेल्या ॲपना या बदलाचं काहीच वाटलं नाही. अडचण आली ती सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेलं आणि आधीच मशीन कोडमध्ये कंपाइल झालेलं काहीतरी ज्यांच्या ॲपमध्ये होतं त्यांना. माझ्या ओळखीतल्या कित्येक डेव्हलपरना तर असं काही आपल्या ॲपमध्ये आहे हे प्ले कन्सोलची वॉर्निंग आल्यावरच कळलं. तेव्हा आज बोलूया या 'आत असलेल्या' गोष्टीबद्दल. दुसऱ्या भाषेतली स्टॅटिक लायब्ररी आपल्या फ्रेमवर्कमध्ये घ्यायची म्हणजे नेमकं काय होतं, लोक ते का करतात आणि त्याची खरी किंमत कुठे मोजावी लागते?

स्टॅटिक म्हणजे झेरॉक्स

सातबाऱ्याची झेरॉक्स काढून तुम्ही कर्जाच्या फाईलला लावली. पुढच्या महिन्यात मूळ नोंदीत दुरुस्ती झाली. तुमच्या फाईलमधल्या झेरॉक्सवर ती दुरुस्ती आपोआप उमटेल का? नाही. नवी प्रत काढून फाईलमध्ये लावावी लागेल.

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ही झेरॉक्स. तांत्रिक भाषेत ती डॉट-ए फाईल असते, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाईल्सचं एक गाठोडं. तुमचं ॲप तयार होताना लिंकर या गाठोड्यातला लागेल तो कोड उचलतो आणि थेट तुमच्या बायनरीत चिकटवतो. त्यानंतर लायब्ररी म्हणून वेगळी ओळखता येईल अशी फाईलच उरत नाही. डायनॅमिक लायब्ररीचं तसं नसतं. ती वेगळी फाईल म्हणून राहते आणि ॲप चालू होताना जोडली जाते. सिस्टिमची डायनॅमिक लायब्ररी दुरुस्त झाली, की ती वापरणाऱ्या सगळ्यांनाच फायदा मिळतो.

ॲपलच्या जगात फ्रेमवर्क म्हणजे कंपाइल केलेला कोड, त्याची हेडर्स आणि इतर साहित्य एका ठराविक रचनेच्या फोल्डरमध्ये बांधलेलं पॅकेज. अँड्रॉइडवर तसंच पॅकेज एएआर फाईलच्या रूपात मिळतं आणि त्यात नेटिव्ह कोड डॉट-एसओ फाईल म्हणून असतो. इथे एक बारकावा आहे. ती डॉट-एसओ स्वतः डायनॅमिक असली, तरी तिच्या पोटात चार-पाच स्टॅटिक लायब्ररी विरघळलेल्या असू शकतात. बाहेरून नाव एकच दिसतं.

मग लोक हे करतात कशाला?

पहिलं कारण साधं आहे. एकच लॉजिक आयओएससाठी स्विफ्टमध्ये आणि अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये असं दोनदा लिहायचं, दोनदा टेस्ट करायचं आणि दोन्हीकडे वेगवेगळे बग सांभाळायचे, हे महाग पडतं. त्यापेक्षा गाभा एकदाच रस्ट किंवा सी++ मध्ये लिहायचा आणि दोन्हीकडे वापरायचा. सिग्नल मेसेंजर तेच करतो. त्याच्या एन्क्रिप्शनचा गाभा लिबसिग्नल नावाच्या रस्ट लायब्ररीत आहे आणि आयओएस, अँड्रॉइड, डेस्कटॉप तिन्हीकडे तोच वापरला जातो. मोझिलानेही फायरफॉक्सच्या मोबाइल ॲपमधले सिंकसारखे भाग रस्टमध्ये लिहिले आणि स्विफ्ट-कोटलिनशी जोडण्यासाठी युनिएफएफआय हे टूल तयार केलं.

दुसरं कारण सुरक्षा. सी आणि सी++ मध्ये मेमरीची जबाबदारी प्रोग्रामरवर असते. बफरच्या बाहेर लिहिणं, सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं असल्या चुकांमधून सुरक्षेच्या गंभीर त्रुटी तयार होतात. गुगलने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार अँड्रॉइडमधल्या एकूण सुरक्षा त्रुटींत मेमरीशी संबंधित त्रुटींचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. जुना कोड सगळा फेकून न देता, नवा कोड रस्टसारख्या मेमरी-सेफ भाषांत लिहिण्यावर त्यांनी भर दिला होता.

म्हणजे दिशा चुकीची नाही. प्रश्न आहे तो दोन भाषांच्या सीमेवर आणि त्यानंतरच्या देखभालीत.

सीमेवर काय घडतं

रस्टची लायब्ररी ॲपलच्या फ्रेमवर्कमध्ये टाकायची असं धरून चालू. रस्ट आणि स्विफ्ट एकमेकांशी थेट बोलत नाहीत. रस्टची स्वतःची एबीआय, म्हणजे फंक्शनला आकडे आणि पत्ते कसे पोचवायचे याचे मशीन पातळीवरचे नियम, स्थिर नाही. कंपाइलरच्या पुढच्या आवृत्तीत ती बदलू शकते. म्हणून दोघांमध्ये दुभाषा लागतो, आणि तो आहे सी. रस्टचं फंक्शन सीच्या नियमांनी बाहेर उघडायचं, त्याचं सी हेडर बनवायचं आणि स्विफ्टने ते हेडर वाचायचं.

मग खऱ्या आयफोनसाठी एक डॉट-ए आणि सिम्युलेटरसाठी दुसरी अशा दोन फाईल्स बनवायच्या आणि एक्ससीफ्रेमवर्कमध्ये बांधायच्या. हा प्रकार ॲपलने २०१९ मध्ये एक्सकोड ११ सोबत आणला. ॲपल सिलिकॉनचे मॅक आल्यावर तर त्याला पर्यायच उरला नाही. आयफोन आणि सिम्युलेटर दोघांचा प्रोसेसर प्रकार एकच झाल्यामुळे जुन्या पद्धतीने दोन्ही कोड एका फाईलमध्ये मावेनात.

इथपर्यंतची कृती कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळेल. खरी मेख पुढच्या चार गोष्टींत आहे.

पहिली, मेमरी. रस्टने तयार केलेली स्ट्रिंग स्विफ्टला दिली, तर ती मोकळी कुणी करायची? ज्याने घेतली त्यानेच परत करायची, म्हणजे रस्टनेच. त्यासाठी वेगळं फंक्शन द्यावं लागतं. स्विफ्टच्या बाजूने परस्पर मोकळी केली, तर ॲप आज चालेल आणि उद्या भलत्याच ठिकाणी कोसळेल. लक्षात घ्या, रस्टची सुरक्षिततेची हमी या सीमेपर्यंतच आहे. सीमेवरचा कोड तुम्हालाच तपासायचा असतो.

दुसरी, पॅनिक. रस्टमध्ये काही अनपेक्षित घडलं की तो पॅनिक होतो. हा पॅनिक सी फंक्शनची सीमा ओलांडून स्विफ्टमध्ये गेला तर काय होईल, याची पूर्वी कसलीच खात्री नव्हती. सप्टेंबर २०२४ च्या रस्ट १.८१ पासून असा पॅनिक सीमेवरच अडवून अख्खी प्रोसेस बंद केली जाते. हे जास्त सुरक्षित आहे, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ॲप फटकन बंद पडलं, एवढंच. म्हणून पॅनिक आतच पकडून एरर कोड परत करणं चांगलं.

तिसरी, लिंकरचा आळस. ज्या फंक्शनला कुणी हाक मारली नाही, ते लिंकर गाठोड्यातून उचलतच नाही. स्टॅटिक लायब्ररी डायनॅमिक फ्रेमवर्कमध्ये टाकली आणि फ्रेमवर्कच्या स्वतःच्या कोडने ती फंक्शन्स वापरली नाहीत, तर फ्रेमवर्क बिनबोभाट बिल्ड होतं. मग ॲप बिल्ड करताना एरर येते की फंक्शन सापडत नाही. अख्खं गाठोडं घे असं लिंकरला फोर्स लोडच्या फ्लॅगने स्पष्ट सांगावं लागतं.

चौथी, दोन प्रती. एकाच लायब्ररीची प्रत दोन वेगवेगळ्या डायनॅमिक फ्रेमवर्कमध्ये गेली, तर ॲपमध्ये तिचे ग्लोबल व्हेरिएबल्सही दोन होतात. एकीत लॉगिन झालेलं दुसरीला माहीतच नसतं. रस्टची स्टॅटिक लायब्ररी तर आपल्यासोबत स्टँडर्ड लायब्ररी आणि सगळ्या रस्ट डिपेंडन्सीही घेऊन येते. अशा दोन लायब्ररी एकाच बायनरीत आल्या की सिम्बॉलची टक्कर होऊ शकते. मोझिलाने यावर काढलेला तोडगा म्हणजे सगळे रस्ट घटक मिळून एकच मोठी लायब्ररी बनवायची. तिला ते 'मेगाझॉर्ड' म्हणतात.

या चारही गोष्टी त्रासदायक आहेत, पण त्या डेव्हलपरला दिसतात. बिल्ड फुटतं, ॲप कोसळतं, कुणीतरी दुरुस्त करतं. न दिसणारी गोष्ट जास्त महाग पडते.

लिबवेबपीचा धडा

६ सप्टेंबर २०२३ रोजी ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरोंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी गुगलला एक त्रुटी कळवली. ती वेबपी फॉरमॅटमधली चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी या सी लायब्ररीत होती. खास बनवलेलं एक चित्र उघडलं की बफरच्या बाहेर लिहिलं जायचं. तिचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापरही होत होता. क्रोमने ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, फायरफॉक्सने दुसऱ्या दिवशी.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरं काम इथूनच सुरू झालं. कारण लिबवेबपी फक्त ब्राउझरमध्ये नव्हती. इलेक्ट्रॉन फ्रेमवर्कच्या बायनरीत ती होती, त्यामुळे इलेक्ट्रॉनवर बनलेल्या प्रत्येक डेस्कटॉप ॲपमध्ये तिची प्रत होती. पायथॉनच्या पिलो या चित्रांच्या पॅकेजसोबत ती येत होती. रस्टमध्ये लिबवेबपी-सिस नावाचं पॅकेज आहे. तेही हाच सी कोड आत घेऊन कंपाइल करतं, त्यामुळे 'आम्ही रस्ट वापरतो' म्हणणाऱ्यांच्या बायनरीतही तीच त्रुटी होती. लिबवेबपीने १.३.२ आवृत्तीत दुरुस्ती केली, पण या प्रत्येक प्रतीच्या मालकाला नवा कोड घेऊन, पुन्हा बिल्ड करून, पुन्हा वाटावा लागला.

त्यात नोंदीनेही गोंधळ घातला. सीव्हीई-२०२३-४८६३ ही नोंद सुरुवातीला क्रोमच्या नावाने झाली होती. यादी वाचणाऱ्याला वाटणार, आपण कुठे क्रोम बनवतो? नंतर लिबवेबपीच्या नावाने वेगळी नोंद झाली, ती पहिलीचीच पुनरावृत्ती म्हणून रद्दही झाली.

झेरॉक्सचा मुद्दा इथे येतो. मूळ लायब्ररी दुरुस्त होणं आणि तुमचं ॲप सुरक्षित होणं या दोन घटनांमध्ये एक माणूस लागतो. कुठल्या बायनरीत कुठली प्रत आहे हे त्याला माहीत हवं, आणि ती पुन्हा बिल्ड करायची सोय त्याच्या हातात हवी.

सोर्स नाही, तर अपडेट नाही

माझ्या कामातलंच एक उदाहरण देतो. एका पतसंस्थेचं अँड्रॉइड ॲप देखभालीसाठी आमच्याकडे आलं. ठेवींच्या व्याजदराचा तक्ता बदलायचा होता, म्हटलं तर अर्ध्या दिवसाचं काम. पण ॲपमध्ये कागदपत्रं स्कॅन करणारी एक डॉट-एसओ फाईल होती, ४ केबी पेजसाठी लिंक केलेली. ती देणाऱ्या पुरवठादाराकडून उत्तर येणं केव्हाच बंद झालं होतं. सोर्स कोड संस्थेला कधी मिळालाच नव्हता. ती फाईल आत असेपर्यंत प्ले स्टोअरवर कुठलंही अपडेट जाणार नव्हतं.

स्ट्रिंग्ज नावाच्या साध्या टूलने बायनरीतला वाचता येणारा मजकूर बाहेर काढता येतो. तो काढला, तर त्यात ओपनएसएसएल १.०.२ चं नाव आणि आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीचा सार्वजनिक सपोर्ट ३१ डिसेंबर २०१९ रोजीच संपला आहे. म्हणजे १६ केबीचा नियम आलाच नसता, तर ही प्रत सभासदांच्या फोनमध्ये आणखी किती वर्षं पडून राहिली असती, कुणास ठाऊक. शेवटी ती फाईल काढून त्या जागी दुसरं स्कॅनर घेतलं. अर्ध्या दिवसाचं काम सात आठवड्यांवर गेलं.

यातला तांत्रिक मुद्दा असा की पेजचं माप डॉट-एसओ लिंक होताना ठरतं. पुरवठादाराने डॉट-ए दिली असती, तर बऱ्याचदा नव्या फ्लॅगने आम्हीच ती पुन्हा लिंक करू शकलो असतो. एनडीकेच्या आर२८ आवृत्तीत तर १६ केबी हे डीफॉल्टच आहे. कोडमध्ये कुणी ४०९६ हा आकडा थेट लिहून ठेवला असेल, तर मात्र सोर्सशिवाय गत्यंतर नाही.

नियम कुठे चाललेत

गुगलचा नियम एकटा नाही. ॲपलने १ मे २०२४ पासून प्रचलित एसडीकेंच्या एका यादीसाठी प्रायव्हसी मॅनिफेस्ट आणि बायनरी रूपात वापरल्यास सिग्नेचर सक्तीची केली. त्या यादीत ओपनएसएसएल आणि बोरिंगएसएसएलसारख्या नेटिव्ह लायब्ररीही आहेत. आणि यादीतली लायब्ररी दुसऱ्या एसडीकेने आत बांधून दिली असेल, तर त्या एसडीकेलाही नियम लागू होतो, हे ॲपलने स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्याकडे सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. एसबीओएम म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली असते तशी. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीतही महत्त्वाच्या प्रणालींसाठी ही यादी मागितली आहे. युरोपचा सायबर रेझिलिअन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली त्रुटी कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. पुण्यात बसून युरोपच्या बाजारासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी या तारखा लिहून ठेवाव्यात.

पण इथे एक अडचण आहे. एसबीओएम बनवणारी बरीच टूल्स पॅकेज मॅनेजरच्या फाईल्स वाचतात. कुणीतरी ईमेलने पाठवलेली आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकलेली डॉट-ए किंवा डॉट-एसओ त्यांना दिसेलच असं नाही. दिसली तरी तिच्या पोटात काय आहे हे कळत नाही. यादी नियमाप्रमाणे तयार होईल, आणि नेमकी धोक्याची वस्तू तिच्यात नसेल.

मग घ्यायची की नाही?

माझं मत विचाराल तर घ्यायची. क्रिप्टोग्राफी, चित्रं, व्हिडिओ असल्या गोष्टी प्रत्येकाने आपापल्या भाषेत नव्याने लिहिणं हा त्याहून मोठा धोका आहे. पण डॉट-ए आत घेतली त्या दिवसापासून ती तुमची झाली, असं समजूनच घ्यायची. घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत.

१. आत कुठल्या लायब्ररीच्या कुठल्या आवृत्त्या आहेत? रस्टचा कोड असेल तर कार्गो डॉट लॉक फाईल मागा. तिच्यात रस्ट पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या असतात. त्या पॅकेजने आत सी कोड आणला असेल, तर तो कुठला हेही विचारा.

२. पुन्हा बिल्ड कोण आणि कसं करणार? सोर्स आणि बिल्ड स्क्रिप्ट मिळत असेल तर उत्तम. नसेल तर किमान डॉट-ए मिळते का? आणि पुरवठादाराचा धंदा बंद पडला तर सोर्स आपल्याला मिळेल, असं कलम करारात आहे का?

३. त्रुटी जाहीर झाली तर किती दिवसांत नवी बायनरी मिळेल? 'लवकरच' हे उत्तर धरू नका, आकडा घ्या.

४. आपल्या बाजूने हे पाहणारा माणूस कोण? नाव ठरलेलं हवं. टीम मोठी असण्याची गरज नाही, पण 'सगळ्यांची जबाबदारी' म्हणजे कुणाचीच नाही.

इंजिनिअरिंगला आपल्याला लिंकर शिकवतात तो परीक्षेत पाच मार्कांना. स्टॅटिक आणि डायनॅमिक लिंकिंगमधला फरक लिहा, की सुटलो. प्रत्यक्षात तो फरक दुरुस्ती कुणाच्या हातात आहे हे ठरवतो. पतसंस्थेच्या सभासदाला रस्ट, सी, डॉट-ए यातलं काही माहीत असायची गरज नाही. ज्यांनी ते ॲप बांधलं त्यांना मात्र आत काय आहे ते सांगता यायला हवं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये डॉट-ए आणि डॉट-एसओ फाईल्स शोधून बघा. जिच्यासमोर आवृत्ती आणि माणसाचं नाव लिहिता येत नाही, तिच्यापासून कामाला सुरुवात करा.